मर रोग आणि हरभऱ्याचं मूळ: सिंगल-सेलसाठी पेशी सोडवू नका, केंद्रकं काढा

मर रोग आणणाऱ्या फ्युझेरियम बुरशीची लागण झालेलं हरभऱ्याचं अख्खं मूळ कुटून आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) काढला, तर हवं ते उत्तर सरासरीत विरून जातं. पहिल्या दोन दिवसांत बुरशी मोजक्याच पेशींना भिडलेली असते, बाकीच्यांना तिचा पत्ताही नसतो. म्हणून एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे प्रत्येक पेशीतला आरएनए वेगळा वाचणं. मात्र प्रचलित कृती प्रयोगशाळेतलं नेहमीचं रोपटं असलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या निरोगी मुळांवर बेतलेली आहे: एन्झाइमने पेशीभित्तिका विरघळवा, प्रोटोप्लास्ट (भित्तिका उतरवलेल्या पेशी) गोळा करा. इथे नेमकी तीच घात करते. हे एन्झाइमच बुरशांपासून मिळतात: सेल्युलेज आर-१० ट्रायकोडर्मापासून, मॅसेरोझाइम रायझोपसपासून, पेक्टोलायेज ॲस्परजिलसपासून. बुरशीविरुद्धचा प्रतिसाद मोजायचा आणि त्याआधी तासभर मूळ बुरशीच्याच अर्कात भिजत ठेवायचं! भित्तिकेचे तुटके तुकडेही झाडाला धोक्याचा इशारा देतात, त्यामुळे नुसत्या पाण्यात बुडवलेल्या कंट्रोलमध्येसुद्धा (तुलनेसाठीच्या, लागण न केलेल्या नमुन्यात) संरक्षणाची जनुकं चढलेली दिसतात. त्याहून वाईट म्हणजे ज्या पेशींनी लिग्निन आणि कॅलोज घालून भित्तिका पक्की केली, त्या एन्झाइमला दाद देत नाहीत, गाळणीवरच राहतात. लढलेल्या पेशीच नमुन्यातून गळतात. केंद्रकं काढली की या तिन्ही अडचणी टळतात.

वाण दोन घ्या: मरीला बळी पडणारा जेजी-६२ आणि प्रतिकारक डब्ल्यूआर-३१५. प्रतिकारक म्हणून राहुरीचा दिग्विजयही चालेल. बियाणं १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३ मिनिटं ठेवून पाच वेळा निर्जंतुक पाण्याने धुवा. रोपं व्हर्मिक्युलाइटमध्ये वाढवा. माती नको, कारण तिच्यातले जिवाणू आणि इतर बुरशा आधीच मुळाला डिवचतात. एकाच बीजाणूपासून वाढवलेलं फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम सिसेरिसचं कल्चर पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये २५ ते २८ अंशांवर ५ ते ७ दिवस हलवत ठेवा, मलमलीतून गाळा, हिमोसायटोमीटरवर मोजून मिलिलिटरला १० लाख बीजाणू ठेवा. आठ-दहा दिवसांची रोपं उपटून, मुळं धुवून, ३० मिनिटं द्रावणात बुडवा. रोगाच्या चाचणीत मुळाची टोकं कापायची पद्धत आहे, ती इथे मोडा. जखमेचा प्रतिसाद आणि बुरशीचा प्रतिसाद नंतर वेगळे करता येत नाहीत.

नमुने ०, १२, २४, ४८ आणि ९६ तासांनी घ्या. प्रत्येक वेळेला पाण्यात बुडवलेला कंट्रोल हवाच, कारण झाडाची बरीच जनुकं घड्याळाप्रमाणे वरखाली होतात आणि १२ तासांचा नमुना शून्य तासाच्या कंट्रोलशी ताडला तर दिवस-रात्रीचा फरक तुम्ही बुरशीच्या नावावर मांडाल. टोकाकडचा ३ सेंटिमीटर भाग कापून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. प्रोटोप्लास्टला ताजंच मूळ लागतं. केंद्रकं गोठवलेल्या मुळातूनही निघतात, म्हणून सगळ्या वेळांचे नमुने एकाच दिवशी हाताळता येतात. एका नमुन्यात २०-२५ रोपं एकत्र करा आणि असे तीन स्वतंत्र संच ठेवा.

बफर: १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.४), १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २५० मिलिमोलर सुक्रोज, १ मिलिमोलर डीटीटी, ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१००, १ टक्का बीएसए, ०.५ टक्का पीव्हीपी-४० आणि मायक्रोलिटरला ०.४ युनिट आरएनेझ इनहिबिटर. फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी टाळू नका. लागण झालेल्या मुळात फिनॉल भरपूर असतात, द्रावण चहासारखं तपकिरी होतं आणि केंद्रकं एकमेकांना चिकटतात.

बर्फावरच्या पेट्रीडिशमध्ये अर्धा ग्रॅम मूळ १ मिलिलिटर बफरमध्ये नव्या ब्लेडने ३-४ मिनिटं बारीक चिरा. कुटू नका. आणखी २ मिलिलिटर बफर घालून ५ मिनिटं थांबा, मग ४० आणि २० मायक्रॉनच्या गाळण्यांतून गाळा. ५०० जी वेगाने ५ मिनिटं, ४ अंशांवर फिरवा. डीएपीआय (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: कडा रेखीव, गोल दिसल्या तर ठीक. कडा पुसट आणि मधून धाग्यासारखं काही लोंबत असेल, तर केंद्रकं फुटून डीएनए बाहेर आलाय. पुढच्या खेपेला ट्रायटन निम्मं करा.

गाळ काढायला फ्लो सॉर्टर (चमकेवरून एकेक केंद्रक निवडणारं यंत्र) लागतोच. इथे एक सोय आपोआप होते: हरभऱ्याचा जीनोम सुमारे ७४ कोटी बेसचा आणि तोही दुप्पट, फ्युझेरियमचा पाच-सहा कोटींचा. त्यामुळे बुरशीची केंद्रकं वीसपटीहून मंद चमकतात आणि बाजूला पडतात. मात्र गेट (निवडीची चौकट) २सीवरच, म्हणजे जीनोमच्या दोन प्रती असलेल्या केंद्रकांवरच, आवळू नका. ४सी आणि ८सीची (चार आणि आठ प्रतींची) शिखरंही घ्या, नाहीतर वाढून मोठ्या झालेल्या पेशी सुटतील. लाखभर केंद्रकं सॉर्ट करा. पुन्हा फिरवल्यावर निम्मी उरली तरी पुरतात. शेवटच्या बफरमध्ये ईडीटीए नको, ते मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन बसतं. क्रोमियमवर (प्रत्येक केंद्रक वेगळ्या थेंबात बंद करून त्याच्या आरएनएला ओळखीचा बारकोड लावणारं यंत्र) व्ही-३.१ किट वापरून १० हजार केंद्रकं हवी असतील तर १६ हजारांच्या आसपास भरा. त्यात साधारण ८ टक्के जोड्या (एकाच थेंबात दोन केंद्रकं) निघतील, त्या डबलेट शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा. प्रत्येक केंद्रकामागे २० ते ५० हजार रीड्स (वाचलेले आरएनएचे तुकडे) पुरेत.

विश्लेषणात इंट्रॉनवरच्या (जनुकाच्या नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागांवरच्या) रीड्स मोजायला विसरू नका, केंद्रकात त्यांचं प्रमाण बरंच असतं. हरभऱ्याच्या अॅनोटेशनमध्ये (जीनोमवर जनुकं कुठे आहेत त्याच्या नोंदीत) बऱ्याच जनुकांची ३-प्राइम टोकं, म्हणजे शेवटची टोकं, आखूड नोंदलेली आहेत; ती वाढवली नाहीत तर चांगल्या रीड्स वाया जातात. रेफरन्समध्ये फ्युझेरियमचा जीनोमही जोडा. पण एखाद्या बारकोडला बुरशीच्या रीड्स आल्या म्हणून ती पेशी बाधित होती, असा निष्कर्ष काढू नका. चिरताना फुटलेल्या तंतूंचा आरएनए सगळ्या द्रावणात तरंगत असतो आणि कुठल्याही थेंबात शिरतो. सूपएक्स या सॉफ्टवेअरने ही तरंगत्या आरएनएची पार्श्वभूमी वजा करा. बुरशी प्रत्यक्ष कुठे पोचली ते डब्ल्यूजीएने (बुरशीच्या भित्तिकेतल्या कायटिनला चिकटणारं प्रथिन) रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर पाहा.

पेशींचे प्रकार अरॅबिडॉप्सिसच्या खुणांवरून ओळखता येतात: एंडोडर्मिससाठी एससीआर आणि सीएएसपी-१, मूळकेसांसाठी सीओबीएल-९, झायलेमसाठी व्हीएनडी-७ यांची हरभऱ्यातली समजनुकं (त्याच मूळ जनुकाची हरभऱ्यातली रूपं). एकाच जनुकावर मात्र विसंबू नका. मग मेडिकार्पिन आणि माकिआइन ही हरभऱ्याची बुरशीविरोधी रसायनं बनवणाऱ्या मार्गाची जनुकं कोणत्या थरात, किती तासांनी चढतात ते दोन्ही वाणांत ताडा. सांख्यिकीत दहा हजार केंद्रकं म्हणजे दहा हजार नमुने धरले तर जवळजवळ प्रत्येक जनुक लक्षणीय निघतं. प्रत्येक संचातल्या एका प्रकारच्या केंद्रकांची बेरीज करून ती डीइसेक-२ या जनुकांची तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. तुमचे नमुने तीनच आहेत.