सोसायटीत डॉक्युमेंटरी दाखवताय? मग या चुका टाळा

आमच्या नेरूळच्या सोसायटीत पहिल्यांदा ठाणे खाडीवरची डॉक्युमेंटरी लावली तेव्हा क्लब हाऊस खच्चून भरलं होतं, लोकं हळहळत बाहेर पडली, आणि पुढच्या रविवारी खाडीकाठच्या तिवरांतला, म्हणजे खारफुटीच्या झाडांतला, कचरा काढायला आलो आम्ही फक्त चौघं. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की फिल्म संपल्या संपल्या आम्ही माईक पाहुण्यांच्या हातात दिला, मग आभारप्रदर्शन, मग समोसे, आणि तोवर ज्याच्या त्याच्या डोक्यात घरचा स्वयंपाक आणि उद्याचं ऑफिस.

फिल्मनंतरची पहिली दहा मिनिटंच खरी महत्त्वाची. लाईट लागले की लगेच एकाने उभं राहून सांगायचं, रविवारी सकाळी सात, मेन गेट, दोन तास, हातमोजे आम्ही देतो. "कोण कोण येणार?" असं विचारू नका, सगळेच हात वर करतात. वही फिरवा, नाव-नंबर लिहून घ्या. आणि ज्याला उन्हात जमणार नाही त्यालाही काम द्या. आमच्याकडे एका काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना म्हटलं, "काकू, शनिवारी संध्याकाळी यादीतल्या सगळ्यांना फोन कराल का?" त्यांनी एकेकाला विचारलं, "येतोयस ना रे?" त्या रविवारी एकोणीस जण आले. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजने हे होत नाही, तिथे नुसते अंगठे येतात.

दीड तासाची फिल्म नको, तीस-चाळीस मिनिटं पुरे. इंग्रजी असेल तर निदान हिंदी किंवा मराठी सबटायटल्स बघा, नाहीतर वॉचमन, हाऊसकीपिंगवाले, आजी-आजोबा मागच्या मागे निघून जातात. मोकळ्या आवारात लावणार असाल तर मे महिन्यात साडेसातच्या आधी पडद्यावर नीट दिसत नाही आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणजे वेळ तशी कमीच.

स्वतःच्या ओटीटी लॉगिनवरून सरसकट काहीही लावू नका. नेटफ्लिक्स काही ठराविक डॉक्युमेंटरी शैक्षणिक कार्यक्रमात दाखवायला परवानगी देतं, तिकीट न लावता, अटी वाचून घ्या. बाकी फिल्मसाठी सरळ दिग्दर्शकाला मेल टाका.

विषय आणि काम जुळायला हवं. रक्तदानावरची फिल्म लावली तर कॅम्पची तारीख ठरलेली हवी, आणि आधीच सांगा की दोन रक्तदानांत पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिन्यांचं अंतर लागतं, नाहीतर उत्साहाने आलेला माणूस परत जातो आणि मग पुन्हा फिरकत नाही.

खाडीचं तर अजून नाजूक. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, त्यामुळे उठून कुठेही शिरायचं नाही, आधी तिवरांची जंगलं सांभाळणाऱ्या वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी बोला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आम्ही एकदा ऐन भरतीत पोचलो आणि तासभर नुसतं पाणी बघत उभे होतो. आणि तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं दिसतात ना, झाड त्यांतून श्वास घेतं. आमच्यातली पोरं जोशात प्लास्टिक ओढताना तीच तुडवत होती. आता जाण्याआधी किनाऱ्यावरच सगळ्यांना खाली वाकून ती मुळं दाखवतो, मगच गोण्या वाटतो.