किटवाल्या एलसाठी हॉप्स कुठले घ्यायचे

आधीच सांगून ठेवतो, सांगलीत बसून हे वाचत असाल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे आणि किट ऑनलाइन मिळतं म्हणून त्यातून काय सुटका होत नाही. त्यामुळं हे मेनली आपल्या तिकडं गेलेल्या पोरांसाठी. इंग्लंड, ऑस्ट्रेलियातली भाचेमंडळी विकेंडला व्हिडिओ कॉल लावून "मामा, हॉप्स कुठले घेऊ" म्हणतात (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलाची फुलं), कारण मी तिकडं नोकरीला असताना हा नाद भरपूर केलाय. इथल्या लोकांसाठी खाली सोड्याचा प्रकार दिलाय, त्यात अल्कोहोल नाही.

तर पहिलं म्हणजे डब्यावरचं लेबल नीट वाचा. एल हा बिअरचाच एक प्रकार, त्याचं किट म्हणजे साधारण दीड-पावणेदोन किलोचा मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, घट्ट पाक, त्यात साखर आणि पाणी घालून २०-२३ लिटर होतं, आणि बहुतेक किटमध्ये कंपनीनं हॉप्स आधीच उकळून कडूपणा बसवलेला असतो. म्हणजे कडूपणाचं काम झालेलं आहे, तुम्ही फक्त वास निवडताय. हे डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. पोरं काय करतात, पाकिटावर अल्फा ॲसिड (हॉप्समधला कडूपणा देणारा अंश) १३ टक्के लिहिलेलं बघतात आणि जास्त टक्के म्हणजे भारी माल समजून तेच उचलतात. अहो, ते अल्फा उकळल्यावरच विरघळून कडू होतं, थंड बिअरमध्ये नुसतं टाकलं तर त्यातलं फारसं काही उतरत नाही, मग त्या आकड्याला किटमध्ये काय किंमत? आणि हो, हॉप्स घातलेला पाक परत तासभर उकळत बसू नका, आहे तो वासपण वाफेबरोबर जातो.

आता हॉप्सची जात. साधं इंग्लिश बिटर किंवा ब्राऊन एलचं किट असेल तर ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल, दोन्ही जुन्या इंग्लिश जाती, वास मातकट, थोडा फुलांचा, थोडा मधासारखा, बिअरच्या अंगावर येत नाहीत. पेल एल असेल तर कॅस्केड. ही अमेरिकेत १९७२ ला आली, पपनसासारखा वास, अल्फा मध्यम, स्वस्त, सगळीकडं मिळते, आणि माझं मत विचाराल तर पहिल्या किटला डोळे झाकून हीच घ्या. सिट्राचं नाव फार झालंय, आंबा लिची वगैरे वास येतो हे खरं, पण साध्या किटच्या पातळ एलमध्ये हात जरा सैल सुटला की बिअर राहते बाजूला आणि फ्रूट ज्यूस प्यायल्यासारखं होतं, ते आयपीएच्या, म्हणजे जास्त हॉप्सवाल्या एलच्या, किटला ठेवा. साझ चेक लोकांची, नाजूक मसालेदार, ती लागरला, म्हणजे थंडाव्यात आंबवतात त्या बिअरला, शोभते, एलमध्ये टाकली म्हणून बिघडत नाही पण पैसे घालून कळलंच नाही असं होतं. स्टाऊटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, किटमध्ये तर काहीच घालू नका, भाजलेल्या मॉल्टपुढं बाकीचं सगळं दबतं.

आणि एका वेळी एकच जात. तीन मिसळल्या तर आवडलं काय आणि नाही आवडलं काय, हे कसं कळणार?

घेताना पॅकिंग बघा, हे जातीपेक्षा महत्त्वाचं. आपल्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची ती आत हवा नसायची म्हणून, हॉप्सचं तसंच आहे, फक्त याला थंडीपण लागते. चांदीसारख्या फॉइलचं व्हॅक्यूम पाकीट, हंगामाचं वर्ष छापलेलं, दुकानात फ्रिजमध्ये ठेवलेलं असलं तर घ्या. काउंटरवर उन्हात पारदर्शक पिशवीत पडलेलं असेल तर स्वस्तात देत असले तरी नको. पाकिटात हॉप्स दळून दाबलेल्या गोळ्या असतात, घरी आल्यावर एक गोळी बोटांत चुरडून हुंगा, ताज्याला हिरवा, तरतरीत वास येतो, जुन्याला चीज नाहीतर घामट मोज्यांचा. उरलेलं हवा काढून फ्रीझरमध्ये. सुकी फुलंपण मिळतात, दिसायला छान, पण बिअर फार शोषून घेतात, गोळ्याच बऱ्या.

घालायचं कधी? जोराचं आंबणं थांबलं, फेस बसला की मग. २३ लिटरला २५ ते ५० ग्रॅम, आयपीएला १०० पर्यंत, उकळून घेतलेल्या मलमलच्या पिशवीत. दोन ते चार दिवस, जास्त ठेवलं तर गवत चावल्यासारखी चव येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हॉप्समधल्या एन्झाइममुळं उरलेल्या साखरेचं परत आंबणं सुरू होऊ शकतं, म्हणून हायड्रोमीटरचं (साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीचं) रीडिंग लागोपाठ दोन-तीन दिवस सेम येईपर्यंत बाटल्या भरायच्या नाहीत, घाई केली तर बाटली फुटते आणि काच लांबपर्यंत उडते. बाटली ब्राऊनच घ्या, उजेडात हॉप्सचा कडूपणा बदलून घाण वास सुटतो.

आता इथल्यांचा सोडा. लिटरभर पाणी उकळून ७५-८० डिग्रीपर्यंत निवू द्या, त्यात २ ग्रॅम कॅस्केड, पंधरा-वीस मिनिटं झाकण, गाळा, लिंबू पिळा, गार करून निम्मा सोडा घाला. उकळत्या पाण्यात टाकू नका, काढ्यासारखं कडू होतं. फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. वेगवेगळ्या जातींचा वास ओळखायलापण हाच प्रकार बेस्ट, तिकडच्या पोरांनीही आख्खं किट पणाला लावायच्या आधी एक कप करून बघावा.

तासगावच्या द्राक्षवाल्या मित्राचा प्रश्न असतो, मांडव आहेच तर हॉप्स लावू का. नाही जमायचं बाबा, त्या वेलाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि कडक थंडी लागते, आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलला होतो, तुझा बेदाणाच बरा.

वापरलेला चोथा अंगणात टाकू नका. कुत्र्यानं खाल्ला तर अंगात भयंकर ताप चढून जीव जाऊ शकतो, गोळ्यांचं पाकीटसुद्धा वरच्या फळीवर ठेवा आणि चोथा झाकणाच्या डब्यात.