चिअरलीडिंगच्या सरावाचे कपडे घेताना

मुलगी चिअरलीडिंगच्या सरावाला जाणार असेल तर कपडे आरशात बघून घेऊ नका, तिला झेलणाऱ्या हातांचा विचार करून घ्या. या खेळाच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. नाच त्यात आहेच, पण वर चढणाऱ्या मुलीला, म्हणजे फ्लायरला, खाली उभ्या असलेल्या मुली, म्हणजे बेस, उचलतात, फेकतात, झेलतात. दहीहंडीचे थर पाहिलेल्या मुंबईकराला यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

टी-शर्ट अंगाबरोबर हवा. ढगळ असेल तर झेलणारीची बोटं त्यात अडकतात आणि उलटं झाल्यावर तो तोंडावर येतो. चकचकीत, गुळगुळीत लायक्रा दिसतो छान, पण कमरेची पकड सुटते. थोडं खरखरीत, मॅट कापड बरं. सुती कापड आपल्या दमट हवेत घाम पिऊन जड होतं, म्हणून पटकन वाळणारं घ्या. चेन, बटणं, टिकल्या नकोतच. खाली गुडघ्यापर्यंतची घट्ट सायकलिंग शॉर्ट्स आणि आत नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा. धोबीतलावला खेळाच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत; तिथे घालून बघताना हात वर करायला आणि उकिडवं बसायला सांगा. कापड वर सरकलं तर तो कपडा परत ठेवा.

बूट हलके आणि पातळ, सपाट तळाचे. धावायचे जाड बूट बेसच्या तळहातावर स्थिर राहत नाहीत. सरावाचे बूट पिशवीतून न्या, लोकलमधून घालून जाऊ नका.

दागिने सगळे घरी, चमकीसुद्धा. घोट्यातला काळा दोराही काढायचा, कारण पकड नेमकी तिथेच असते. आजी नाराज होईल. तिला हे कारण शांतपणे सांगा, पटतं. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले. सरावाच्या दिवशी डोक्याला खोबरेल नको आणि अंगाला लोशन नको, हात निसटतो.

पावसाळ्यासाठी तीन जोड ठेवा. ओलसर शॉर्ट्स पुन्हा घातली की मांड्यांना गजकर्ण होतं. घामाचे कपडे पिशवीत रात्रभर ठेवू नका, घरी आल्याबरोबर धुऊन पंख्याखाली वाळत घाला.