भिंतीला मातीचा रंग: तपकिरी छटा घरात कशी आणावी

कुंड्यांना गेरू, तुळशी वृंदावनाला काव, पडवीच्या भिंतीला खालून हातभर पट्टा. मातीचे रंग आपल्या घरांना नवे नाहीत. त्यांची ऊब येते लोहाच्या ऑक्साइडमधून. गडद तपकिरी मातीत जोडीला मँगनीजही असतं. तोच रंग आज इमल्शनच्या डब्यात मिळतो आणि फ्लॅटच्या हॉलला फार शोभतो. मात्र पांढऱ्यात खपून जाणाऱ्या चुका तपकिरीत खपत नाहीत, म्हणून घाई नको.

१. आधी लादी आणि लाकूड बघा. तपकिरी म्हणजे एकच रंग नव्हे. कुठला जांभ्यासारखा तांबूस असतो, कुठला पिवळसर, कुठला करड्याकडे झुकणारा. क्रीम रंगाच्या टाइल्सवर तांबूस छटा उठून दिसते. हिरवट कोटा दगडाची फरशी असेल तर मी पिवळसरच निवडेन. सागवानी कपाटाच्या मागची भिंत लाकडापेक्षा स्पष्ट फिकी किंवा स्पष्ट गडद हवी. बरोबरीची झाली की कपाट भिंतीत हरवतं.

२. नमुना लावून दोन दिवस थांबा. शेड कार्डवरच्या बोटभर चौकोनावर विसंबू नका. नमुन्याचा छोटा डबा आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होतं. मग तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी आणि मुख्य म्हणजे रात्री दिवे लावून बघा. आमच्या हॉलसाठी निवडलेली सुंदर तांबूस छटा रात्री चिखलासारखी दिसायची. दोष रंगाचा नव्हता, ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूबचा होता. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावले आणि तीच भिंत जिवंत झाली. दिवे बदलायचे नसतील तर हा रंग घेऊच नका, असं मी मनापासून सांगेन.

३. भिंत ठरवा. खिडकीसमोरची भिंत सर्वांत चांगली, तिच्यावर थेट उजेड पडतो. खिडकी असलेली भिंत दिवसा आधीच काळोखी दिसते. छताला शुभ्र पांढऱ्याऐवजी ऑफ-व्हाइट द्या.

४. भिंत तयार करा. ओल असेल तर आधी गळती काढा. ओलीवर रंग टिकत नाही, पोपडे धरतो. सुटलेला रंग खरवडा, पुट्टी भरा, पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा. मग बाजूने टॉर्च मारा: सगळे उंचवटे दिसतील. शेवटी प्रायमर मारा. पुट्टी लावलेल्या जागी तो लावायचा राहून गेला तर ती जागा रंग जास्त शोषते आणि गडद भिंतीवर कायमचे ढग दिसतात.

५. रंग द्या. १२ बाय १० फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण एक लिटर लागतो. गडद छटेला तिसरा हात लागू शकतो, त्यामुळे थोडा जास्तच घ्या आणि सगळा एकाच वेळी बनवून घ्या. दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र ढवळा. कडा ब्रशने, उरलेलं रोलरने. पंखा बंद ठेवा आणि एकदा सुरू केलेली भिंत एका दमात संपवा, कारण अर्धवट वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरला की जोड दिसतो. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या.

फिनिश मॅटच घ्या, मातीचा पोत त्यातच येतो. मुलांचे हात लागणारी भिंत असेल तर धुता येणारा मॅट निवडा, कारण साधा मॅट जोरात पुसला की तिथे चकाकी येते.

या भिंतीसमोर पितळेची समई, खणाचे अभ्रे, काळी घोंगडी किंवा वारली चित्र ठेवा. वारली चित्रं तर मुळात मातीच्या भिंतीवरच तांदळाच्या पिठाने काढतात. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर शेडचा नंबर लिहून ठेवा. पुढे खिळ्याचं भोक बुजवताना तोच लागेल.