'होता' दिसला की 'हॅड' लावायचं का?

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या मुलांच्या इंग्रजी मेल बाहेर जाण्याआधी नजरेखालून घालणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. भूतकाळाची धास्ती घेऊन येणाऱ्यांना मी आधी धीर देते. नियमित क्रियापदाला ईडी जोडायचा, की झालं. आय, शी, दे, सगळ्यांना 'कॉल्ड'च. गेलो-गेली-गेले अशी भानगड नाही. स्पेलिंगचे दोन-तीन नियम तेवढे बघून ठेवा. 'स्टडी'तला वाय जाऊन आय येतो, 'प्ले'तला मात्र आधी स्वर असल्यामुळे टिकतो. 'सबमिट'ची टी दुप्पट होते कारण बोलताना जोर शेवटी पडतो. 'व्हिजिट'मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून तिथे एकच.

उच्चाराला शाळेतलं घोष-अघोष कामी येतं: उच्चारताना घसा कंप पावतो तो घोष, नाही तो अघोष. क, प, स, श, च, फ असा अघोष आवाज शेवटी असेल तर ईडीचा उच्चार 'ट': वर्क्ट, वॉश्ट. घोष व्यंजन किंवा स्वर असेल तर 'ड': कॉल्ड, प्लेड. शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळा 'इड' ऐकू येतो: वॉन्टिड, नीडिड. 'आस्केड' कुणी म्हणत नाही हो!

'डिड' आला की ईडी काढायचा. 'आय डिड नॉट कॉल', बस.

खरी गोची पुढेच आहे. 'मी काल तुम्हाला फोन केला होता' हे आपलं अगदी सरळ वाक्य. त्याचं हमखास 'आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे' होतं. आपला 'होता' एकटा चालतो, नुसती आठवण करून द्यायलाही. 'हॅड'ला मात्र भूतकाळातलीच दुसरी, नंतरची गोष्ट लागते: 'व्हेन ही कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सबमिटेड द रिपोर्ट'. त्यामुळे मेलमध्ये 'हॅड' दिसला की मी समासात एवढंच लिहिते: कशाच्या आधी? उत्तर नसेल तर 'हॅड' खोडा, 'आय कॉल्ड यू यस्टरडे' उरेल आणि तेच बरोबर.

'हॅव'चंही तसंच. 'सोमवारी फॉर्म भरला आहे' हे मराठीत खपतं. इंग्रजीत 'ऑन मंडे' म्हटलं की 'हॅव' नको, नुसतं 'सबमिटेड' पुरे. वार-तारीख न सांगता काम झालंय एवढंच कळवायचं असेल तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' उत्तम.

मुलाखतीत याच फरकाकडे कान असतात. 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स' म्हणजे अजून तिथेच आहे. नोकरी चालू असताना नुसतं 'आय वर्क्ड' म्हणालात, तर पुढचा प्रश्न ठरलेला: सोडली का?