लघुनियतकालिकांचे संपादक ओळखायचे कसे

लघुनियतकालिकात, म्हणजे थोड्या लोकांनी हौसेनं काढलेल्या छोट्या साहित्यिक नियतकालिकात, छापून यायला कविता कुठे पाठवू, कुणा संपादकाचा नंबर आहे का, असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, की त्या नियतकालिकाचा शेवटचा अंक कुठला वाचलास. त्यावर व्हॉट्सॲपच्या निळ्या टिक्स येतात आणि मग सामसूम. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी अंक हातात घ्या. कुणीतरी स्टेटसला टाकलेला एका पानाचा फोटो नव्हे, अख्खा अंक. लगेच विकतच घ्या असं नाही, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो की ठाण्याचं १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, असल्या जुन्या वाचनालयांत नियतकालिकांबद्दल विचारा आणि एकाच नियतकालिकाचे चारपाच अंक सलग वाचा. एका अंकावरून काही म्हणजे काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्याला लक्षात यायला लागतं की ह्यांना लांबलचक कथा चालते, ह्यांच्याकडे भाषांतरं भरपूर असतात, आणि हे एका कवीची एकच कविता कधी छापत नाहीत, सातआठ एकदम घेतात (म्हणजे तुम्ही एकच पाठवली तर तिचं काय होणार ते बघा).

मग पहिलं पान, जे सगळे उलटून पुढे जातात ते. बारीक अक्षरात संपादक, सल्लागार, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, पत्ता, वर्गणी. संपादक आणि प्रकाशक एकच नाव असेल आणि पत्त्यात फ्लॅट नंबर असेल तर समजून जा की हा माणूस नोकरी सांभाळून प्रुफं वाचतो आणि अंकांचे गठ्ठेही स्वतःच पोस्टात नेतो. त्याला आठ दिवसांत 'सर काय झालं' विचारू नका, तीनचार महिने सहज जातात. नोंदणी असलेल्या मासिकाचा जुना मार्चचा अंक मिळाला तर मागची पानं चाळा, तिथे 'फॉर्म नं. ४' नावाचं निवेदन असतं, मालक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण सगळं छापलेलं. कुणाच्या मागे कुठली संस्था आहे आणि कोण एकटा आहे ते तिथे कळतं.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण आपल्याकडे ही नियतकालिकं म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या माणसाची नाहीतर चार मित्रांची आवडनिवडच असते. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ ह्यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून (म्हणजे छापखान्याशिवाय, स्टेन्सिलवरून प्रती काढून) काढलं, पुढे अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, आणि ह्या सगळ्या मंडळींचा राग मुख्यतः तेव्हाच्या प्रतिष्ठित मासिकावर, 'सत्यकथे'वर होता. गंमत अशी की त्याच 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे, आणि तसा संपादक आज मिळावा म्हणून लोक हळहळतात. आणि हे सगळं मुंबई-पुण्यातच होतं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ पासून 'कविता-रती' धुळ्यातून चालवलं, गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' औरंगाबादचं, दलित लेखकांची अख्खी पिढी त्यात लिहून पुढे आली, प्रवीण बांदेकरांचं 'नवाक्षर दर्शन' सावंतवाडीचं. नेटवरच वाचायचं असेल तर 'हाकारा' आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत.

आता ओळख. वर्गणी भरा, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात टाळला जाणारा मार्ग. त्यानंतर अंक वाचून पत्र लिहा, ईमेल चालेल. 'अंक अप्रतिम' असलं नको, त्याने कुणाचंच काही होत नाही. 'पान ४२वरच्या कथेत सासू शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही ते मला फार आवडलं, पण शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला' असं लिहा. असं पत्र संपादकाच्या लक्षात राहतं, कारण तशी पत्रं येतच नाहीत. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात भेट झाली तर अंकाबद्दल बोला, एखादा मागचा अंक मागा, पिशवीतली स्वतःच्या कवितांची वही काढू नका. काढाल, मला माहितीये, तरी सांगते.

स्वतःचं पाठवताना मी केलेला घोळ ऐका. एका त्रैमासिकाला सात कविता पाठवल्या, पीडीएफमध्ये, वर 'आदरणीय संपादक महोदय'. संपादक बाई होत्या. नाव पहिल्याच पानावर छापलेलं होतं आणि मी ते वाचलेलंच नव्हतं. एका ओळीचं उत्तर आलं, 'महोदय घरी नाहीत, वर्ड फाईल पाठवा.' तेव्हापासून मी नाव तीनदा बघते. आणि फाईल वर्डमध्ये, युनिकोडात टाइप केलेली, कारण पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की काने-मात्रे सैरावैरा होतात, आणि जुन्या श्रीलिपी फॉन्टात पाठवलंत तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हं दिसतात. एकच मजकूर दोघांकडे एकदम पाठवू नका, ह्या लोकांचा आपापसात फोन असतो. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कविता तर अजिबात नको.

दिवाळी अंकासाठी जाग गणपतीत येऊन उपयोग नाही, तोवर बहुतेक अंक भरलेले असतात, पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा. नवीन असाल तर साध्या अंकापासून सुरू करा, दिवाळीला सगळे तुटून पडतात.

नकार आला तर वाद घालू नका, आणि सोबत 'दुसरं काही असेल तर पाठवा' लिहिलं असेल तर ते बहुधा खरंच असतं, सहा महिन्यांनी पाठवा. मानधन पुष्कळदा नसतंच, एक प्रत येते, तीही साध्या पोस्टाने, आणि वाटेत हरवते. महिनाभर वाट बघून पिनकोडसकट पत्ता परत कळवा, शिल्लक असली तर दुसरी पाठवतात.