लेखनसीमा : इतिहासातली पीएच.डी. हातावेगळी कशी करावी

दरवर्षी कुणी ना कुणी मला गाठतं आणि तेच सांगतं. "मॅडम, नोंदणीला पाच वर्षं झाली, साहित्य भरपूर जमलंय, पण लिखाण सरकत नाही." जमलेलं साहित्य मी बघते तेव्हा ते खरोखरच भरपूर असतं, आणि अडचण बहुतेक वेळा त्या भरपूरपणातच असते. म्हणून मी स्वतः ज्या वाटेने गेले, ती इथे सविस्तर लिहिते आहे. माझा प्रबंध नाणेघाटमार्गे चालणाऱ्या जुन्नर–कल्याण व्यापारावर आणि त्यावरच्या जकातीवर होता. काळ १७६१ ते १८०२. नोकरी आणि लहान मूल सांभाळून मला सात वर्षं लागली. त्यातली दोन नक्की वाचवता आली असती.

पहिली गोष्ट विषयाची. माझ्या पहिल्या आराखड्यावर 'मराठेशाहीतील व्यापार : एक चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक होतं. असल्या शीर्षकाचा प्रबंध दहा वर्षांतही पुरा होत नाही, कारण तो कुठे संपतो हे शीर्षकच सांगत नाही. विषय रुमालात बघून ठरवा. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या पेशवे दफ्तरात, कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. घडणी, प्रांत अजमास, रोजकीर्द, चिटणीशी असे त्यांचे विभाग आहेत. आराखडा विद्यापीठात देण्याआधी दोन-तीन आठवडे रजा काढा, याद्या चाळा, आठ-दहा रुमाल उघडून बघा. मी तसं केलं तेव्हा माझ्या 'मराठेशाही'चा एक घाट उरला. त्या घाटाने मला पदवी दिली.

इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड (१९३०–३४) छापील आहेत, ते जरूर वाचा. पण ती निवड आहे आणि त्यात राजकारणाची पत्रं जास्त. गोणीमागे किती जकात पडत होती हे विचारायचं असेल तर मूळ कागदाकडेच जावं लागतं, आणि तिथे मोडी, म्हणजे त्या काळच्या कारकुनांची जलद लिपी लागते.

मोडीला घाबरू नका, पण तिला उसनवारीवरही चालवू नका. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलेल्या कागदांवर उभा केलेला प्रबंध परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाला डळमळतो. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग होतात. वर्ग संपला की रोज तासभर वाचन, सहा महिने, खंड न पाडता. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि बोरूने तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. सुरुवातीला ती एक लांबलचक वेल दिसते. पण एका कारकुनाचा हात डोळ्यांत बसला की त्याचे पुढचे पन्नास कागद सरसर वाचता येतात. म्हणून आज एका प्रांताचा, उद्या दुसऱ्या प्रांताचा असं न करता एकाच हाताचे कागद सलग वाचा.

हिशेबाचे कागद असतील तर आकड्यांपुढच्या उभ्या रेघांकडे लक्ष द्या. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५।।। म्हणजे पावणेसहा रुपये. मी पहिले तीन महिने त्या रेघांना पूर्णविराम समजून सोडून देत होते. माझी बेरीज कारकुनाच्या बेरजेशी कधीच जुळेना आणि मी माझ्या वहीत 'मूळ हिशेबात चूक' असं टिपत गेले. चाळीसेक ठिकाणी तसं टिपल्यावर एका संध्याकाळी मला कळलं की तो माणूस बरोबर होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारकुनाबद्दल मला त्या दिवसापासून फार आदर वाटतो. बेरीज जुळली नाही, तर आधी आपलं वाचन तपासा.

याहून महागात पडली ती तारीख. पेशवाईच्या कागदावर बहुधा सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली वर्षगणना असते आणि ती अरबी शब्दांत लिहिलेली असते. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार : ११७३. सोबत अरबी महिना आणि 'छ' लिहून चंद्राची तिथी. हा सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. मी सरसकट ६०० मिळवत होते. सलास सबैनच्या रजब महिन्यातली एक यादी मी १७७३ सालच्या ऑक्टोबरात घातली. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३चा. यादीत घाटातली आवक घटलेली दिसत होती, म्हणून मी नऊ पानं लिहिली : शनिवारवाड्यातल्या खुनाचे पडसाद दोन महिन्यांत नाणेघाटात कसे उमटले. लिहिताना मला फार आनंद झाला होता.

माझ्या मार्गदर्शक सरांनी ती पानं वाचली आणि एवढंच विचारलं, "जंत्री बघितलीत?" जंत्री म्हणजे जुन्या तारखा इसवीशी जुळवण्याची कोष्टकं. तिच्यात त्या सनाचा रजब निघाला १७७२च्या सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा. तेव्हा माधवराव थेऊरला आजारी होते, पण हयात होते. खून व्हायला अजून दहा-अकरा महिने होते. नऊ पानं गेली, आणि त्यांच्यासोबत प्रकरणाचा अर्धा युक्तिवादही. त्यानंतर मी एक शिस्त लावली, ती तुम्हीही लावा. कागदावरची तारीख आधी जशीच्या तशी, शब्दांत उतरवायची. तिच्याखाली जंत्रीतून काढलेली इसवी तारीख. दोन्ही असल्याशिवाय तो कागद प्रकरणात घ्यायचा नाही.

टिपणाबद्दल एकच हट्ट धरते. विभाग, रुमाल क्रमांक आणि कागदाचा क्रमांक हे टिपणाच्या पहिल्या ओळीत, मजकुराच्या आधी. मजकूर उतरवून झाल्यावर क्रमांक लिहू म्हटलं की चहाची वेळ होते आणि रुमाल परत जातो. असे सतरा बेवारस उतारे माझ्याकडे होते. नारायणगावहून पहाटेची एसटी पकडून मी त्यांच्यासाठी अकरा वेळा पुण्याला आले. चौदा सापडले, तीन सोडून दिले.

आता लिखाण. जुन्या पत्रांच्या अखेरीस एक छोटा शिक्का असतो, त्यावर 'लेखनसीमा' ही अक्षरं असतात. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घालू नये, असा त्याचा अर्थ. दफ्तरातल्या कामालाही असा शिक्का मारावा लागतो, आणि तो स्वतःच मारावा लागतो, कारण रुमाल कधीच संपत नाहीत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक तारीख लाल पेनाने गोल केली. त्या तारखेनंतर नवा रुमाल उघडायचा नाही, फक्त पडताळणीला जायचं. पुढच्याच आठवड्यात एका स्नेह्यांनी कल्याणकडच्या कागदांबद्दल सांगितलं. जीव तळमळला, पण मी गेले नाही. ते कागद आज माझ्या एका विद्यार्थिनीच्या अभ्यासाचा विषय आहेत.

प्रस्तावनेपासून लिहू नका. ज्या प्रकरणाचे तक्ते तयार आहेत, तिथून सुरू करा. माझं पहिलं लिहिलेलं प्रकरण प्रबंधात चौथं आहे : थळभरीत आणि थळमोड, म्हणजे माल भरण्याच्या आणि विकण्याच्या ठिकाणची जकात. आणि आपल्याकडच्या प्रबंधांतला तो 'राजकीय पार्श्वभूमी'चा भाग! शहाजीराजांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंत ऐंशी पानं, सगळी छापील पुस्तकांतून. वाचणाऱ्याला ती ठाऊक असतात, लिहिणाऱ्याची त्यात दीड वर्षं जातात, आणि साम्य तपासणीत, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचललाय का हे संगणकावर बघतात तेव्हा, नेमका तोच भाग लाल होऊन येतो. मी ती बारा पानांवर आणली. माझ्या मते आठ पुरली असती.

मार्गदर्शकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. 'वाचन चालू आहे' या वाक्यावर कुणालाही मार्गदर्शन करता येत नाही. महिन्याला पाच पानं, कच्ची का असेनात, आदल्या आठवड्यात पोचवा. सरांना वेळ नसेल तरी तारीख घालून पानं देत राहा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडावी लागते, तिथे तीच पानं उपयोगी पडतात.

मुदतीचं गणित नोंदणीच्या दिवशीच करून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ मिळू शकतात, म्हणजे एकूण १०. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. बायकांनो, ही रजा हक्काची आहे, ती मागताना ओशाळू नका. जुन्या नोंदणीला जुने नियम लागू असतात, तेव्हा आपल्या नोंदणीपत्रावरचं वर्ष बघून विद्यापीठाच्या कचेरीतून लेखी खात्री करून घ्या. मला तोंडी सांगितलेली मुदत चुकीची निघाली होती आणि पुनर्नोंदणीचा अर्ज शेवटच्या दोन दिवसांत धावतपळत करावा लागला.

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. माझी तीन प्रकरणं जुन्या फाँटमध्ये होती. बदलून घेताना सगळे रफार इकडचे तिकडे झाले, तळटीपांचे आकडे उडाले. दोनशे दहा पानं एकेक ओळ लावून पुन्हा तपासली, रात्री मुलगी झोपल्यावर. मूळ कागदांचे उतारे अवतरणचिन्हांत आणि वेगळ्या परिच्छेदात ठेवा, म्हणजे साम्य तपासणीत ते वगळता येतात. साम्य १० टक्क्यांच्या आत असलं की दंड नाही.

तोंडी परीक्षेला माझ्यासोबत प्रबंध होता आणि टिपणांच्या चार वह्या. बाहेरच्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणातल्या एका तक्त्यावर बोट ठेवलं आणि हा मिठाच्या बैलांचा आकडा कुठून आला, असं विचारलं. मी दुसरी वही उघडली, रुमाल क्रमांक वाचला, तारीख आधी सुहूर सनात आणि मग इसवीत सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

पदवी जाहीर झाल्यावर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात चढवतात. चढवला, की स्वतः ती फाइल उघडा आणि आपल्या विषयातला एखादा शब्द शोधून बघा. मी 'नाणेघाट' टाकलं. काहीच सापडलं नाही, कारण पानं स्कॅन करून चढवली गेली होती. मी युनिकोड फाइल घेऊन ग्रंथालयात गेले, विनंती केली, आणि आठवड्याभरात ती बदलून मिळाली. आता शब्द सापडतो.